परतूरकडे उजेड, जालन्याकडे अंधार

यंदाची मोळी पडली म्हणे. मला हे कुणा माणसानं सांगितलं नाही, दोरीवरच्या साडीनं सांगितलं. संध्याकाळी कपडे काढायला गेले तर पांढऱ्या पदरावर बारीक काळे कण. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून नारळ फोडला, बॉयलर पेटला, की उसाच्या चोथ्याची राख आमच्या कॉलनीभर उतरायला लागते. पुढचे चार-पाच महिने धुतलेलं कापड पुन्हा झटकून घेणं हा इथल्या बायकांचा जादा उद्योग. मी साडी झटकली नाही, तशीच घडी करून ठेवली. पूर्वी माझ्याकडून असं झालं नसतं. हल्ली होतं.

रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चढाला कण्हत जातात. त्यांच्या मागं बैलगाड्या, गाड्यांच्या मागं सांडलेलं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणाऱ्या बाया. पाळी बदलली की भोंगा होतो. मळीचा तो गोडसर आंबूस वास नव्या माणसाला दोन दिवस नकोसा होतो आणि तिसऱ्या दिवशी येईनासा होतो. मला मात्र या दिवसांत आणखी एक वास येतो, जो घरात प्रत्यक्ष कुठंच नसतो. सोल्डरिंग करताना राळ जळते, त्याचा. चार वर्षं झाली त्या हंगामाला. साखर किती निघाली, कुणाचा ऊस राहिला, यातलं काही मला आठवत नाही. वास तेवढा राहिला आहे.

आमचे हे कारखान्यात इलेक्ट्रिशियन. हंगाम सुरू असला की घरी जेवायला आणि झोपायला यायचे, तेही निरोप आला की अर्ध्या ताटावरून उठायचे. ती मिलची मोटर, तो क्रेनचा पॅनल, यांची नावं मी नणंदा-जावांच्या नावांसारखी ऐकत आले. त्या वर्षी दसरा झाला आणि पाचव्या दिवशी सकाळी दाढी करताना यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते तिथंच बसले. जालन्याला दवाखान्यात बारा दिवस काढून आम्ही परत आलो तेव्हा यांचा उजवा पाय जरा सावरला होता, उजवा हात मात्र खांद्याला नुसता लटकत होता. बोलणं तर फारच अवघड झालं होतं. शब्द गळ्यापर्यंत यायचे आणि अडायचे. एखादा बाहेर पडलाच तर एकटा पडायचा, मागेपुढे सोबत नसायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कधीकधी एका शब्दाच्या जागी दुसराच येईल, तेव्हा वाद घालू नका, हो म्हणा. मी हो म्हणायला शिकले.

कारखान्यातले साहेब घरी भेटायला आले. भला माणूस. म्हणाले, जानेवारीत आपल्या डॉक्टरांपुढं उभे राहा, हाताचं काय एवढं, डोकं शाबूत असलं म्हणजे झालं, बसून करायचं काम देऊ. धीर द्यायलाच बोलले ते. पण त्या दिवसापासून हे स्वतःच्या डोक्याची परीक्षा घ्यायला लागले. मी पोळ्या लाटताना बघायची, तर खाटेवर बसून ओठ हलताहेत. तेराचा पाढा चाललेला. कुठंतरी अडायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. चेहऱ्यावर असा काही घाम, की मला शाळेतल्या तोंडी परीक्षेतली पोरं आठवायची. जानेवारीला दोन महिने होते आणि यांना एवढंच कळून घ्यायचं होतं की आपलं डोकं जागेवर आहे की नाही.

आमच्या पुढच्या खोलीत कपाटापासून खिडकीपर्यंत भिंतीला धरून प्लायवूडची एक लांब फळी आहे, आणि तिच्यावर रूळ. कपाटाचं टोक म्हणजे जालना, खिडकीचं टोक म्हणजे परतूर. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी हे कारखान्याच्या कामानं हैदराबादला गेले होते. मी मोत्यांच्या कुड्या आणायला सांगितल्या होत्या. हे खेळण्यातलं इंजिन, रूळ आणि ते चालवायची बटणाची पेटी घेऊन आले. कुड्या अजून यायच्या आहेत. डबे मात्र विकतचे नाहीत, यांनी स्वतः कापून, चिकटवून, रंगवून केलेले, पाच डबे. परतूरजवळच्या गावातून लहानपणी वडिलांबरोबर ज्या छोट्या रुळांच्या पॅसेंजरनं ते जालन्याला यायचे, तिचे. खिडक्यांत पिवळा, मंद उजेड पाहिजे हा हट्ट. त्यासाठी जुन्या टेपरेकॉर्डरच्या मीटरमधले गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब काढून आणलेले, काही दिवाळीच्या माळेतले. हे बल्ब तापायचे. तापून डब्यांची छपरं वाकायची, आणि एकेक करून बल्बही जायचे. हंगाम संपला की सगळे काढून एलईडी बसवतो, असं ते दरवर्षी म्हणायचे. हंगाम संपला की दुरुस्तीचा मोसम सुरू व्हायचा. असं करत त्या वर्षापर्यंत पाचातले दोनच डबे उजळत होते.

व्यायामाच्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू यांनी खाटेमागं टाकून दिला होता. एका दुपारी मी शाळेतून आले तर हे भिंतीला धरून फळीपाशी उभे. डाव्या हाताचं बोट अंधाऱ्या डब्यावर ठेवून म्हणाले, "एलईडी." अगदी स्वच्छ. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर ऐकलंही नव्हतं नीट. पाय दुखत होते, वह्यांचा गठ्ठा तपासायचा होता, कुकर लावायचा होता. पण यांनी कागद मागितला, आणि मग बसले.

डाव्या हातानं एक रेघ काढायला त्यांना लागायचा तेवढ्या वेळात माझी वरणाला फोडणी देऊन व्हायची. दोन दिवस तो कागद चालला. खाली रूळ, त्यावर चाकं, चाकांपासून निघालेल्या दोन तारा, वर दिव्यांची रांग. आणि तारा आणि दिवे यांच्या मधोमध एक तिरका चौकोन, शंकरपाळ्यासारखा. आत बारीक खुणा. तो काढला, खोडला, पुन्हा काढला. ही खिडकी का, मी विचारलं. मान हलवली नाही म्हणून. बराच वेळ तोंड हललं आणि शब्द आला, "मॅग्नेट." मी बघत राहिले तर पुन्हा बोट ठेवून, "मॅग्नेट." त्या गाडीत चुंबक नव्हतं एवढं मलाही ठाऊक होतं. डॉक्टरांचं आठवलं. मी म्हणाले, बरं, बरं.

मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. पंचवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला तो कागद तसाच्या तसा बघवेना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पट्टी-पेन्सिल घेऊन मी त्याची पक्की प्रत काढली. वाकड्या रेघा सरळ केल्या, खाडाखोड गाळली. तो शंकरपाळ्याचा चौकोनही गाळला. मुलाचं चित्र बिघडलं की आपण म्हणतो ना, एवढं खोडून टाक, छान दिसेल, तसं. घरी येऊन यांना लांबूनच दाखवली आणि विचारलं, झाली ना छान? त्यांनी हो म्हणून मान हलवली. माणूस दमला की कशालाही हो म्हणतो. मी स्वतः दिवसभर तेच करत होते, तरी मला ते सुचलं नाही.

मग वडीगोद्रीला हायवेवर सलीमभाईंचं दुकान. मोटारींच्या वायरी, पंपाचे स्टार्टर, मोबाइलची कव्हरं, सगळं एका छताखाली. तिथून एलईडीची पट्टी आणली, ती दर तीन दिव्यांनंतर कात्रीनं कापता येते. पहिली आणली ती पांढरी. एका डब्यात लावली तर खिडक्यांतून जालन्याच्या दवाखान्याचा व्हरांडा दिसायला लागला. यांनी मान फिरवली. पट्टी बदलून पिवळी आणली.

शाळा सुटल्यावर पाचपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही बसायचो. मी त्यांचा उजवा हात. ते डाव्या बोटानं दाखवायचे, मी छप्पर उचकटायची, जुना बल्ब काढायची, चाकांना घासणाऱ्या पितळी पट्ट्या खोडरबरानं पुसायची, तारेचं टोक सोलायची. डब्याच्या आतली जोडणी मी माझी प्रत समोर ठेवून करायची, ती त्यांना नीट दिसायची नाही. सोल्डरिंग माझ्या हातून गोळ्या-गोळ्यांनी पडायचं. अंगठा भाजला तो डाग अजून आहे. जोडून झाला की डबा बॅटरीला लावून बघायचा. नाही पेटला तर तारा उलट लावून बघायच्या. पेटला की पुढचा. वीस वर्षांत आम्ही इतका वेळ खांद्याला खांदा लावून बसलो नव्हतो. बाहेर ट्रॉल्या कण्हत होत्या, भोंगा होत होता, आणि पहिल्यांदाच भोंग्याला यांचं लक्ष नव्हतं. चौथा डबा झाला त्या दिवशी तेराचा पाढा शेवटपर्यंत गेला, तोही मोठ्यानं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. दमले होते म्हणून, आणि आनंद झाला होता म्हणूनही.

एका रविवारी संध्याकाळी पाचही डबे रुळावर ठेवले, खिडकीला चादर लावली. यांनी डाव्या अंगठ्यानं बटण फिरवलं. गाडी कपाटापासून निघाली आणि पाचही डबे पिवळे उजळले. छपराला कुठं पोक नाही, एकही खिडकी अंधारी नाही. परतूरपर्यंत गेली. मी टाळ्या वाजवल्या, शाळेत वाजवते तशा. मग यांनी गाडी उलटी घेतली, आणि सगळी गाडी विझली. खिडकीपासून कपाटापर्यंत नुसता चाकांचा आवाज आला. यांनी पुन्हा पुढं पाठवली, तर उजेड. पुन्हा मागं घेतली, अंधार. असं तीनदा झालं. परतूरकडे उजेड, जालन्याकडे अंधार.

यांनी बटण सोडलं. डावा हात कपाळाला लावला आणि हवेत झटकला. म्हणाले, "डोकं... बी." हातासारखं डोकंही गेलं, असं ते सांगत होते. आणि रडायला लागले. सासरे गेले तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता. मी पाठीवर हात ठेवला तो त्यांनी झटकला नाही, एवढंच.

पुढचे दिवस फार वाईट. पाढे बंद, चालणं बंद. भोंगा झाला की भिंतीकडं तोंड करायचे. जानेवारीचं नाव काढलं की डावा हात नुसता नाही म्हणून हलवायचे. अठ्ठावीस वर्षं कारखान्याची वीज सांभाळणाऱ्या माणसाला पाच खेळण्यातले डबे उजळता आले नाहीत, यापुढं त्यांना दुसरा पुरावा नको होता. आणि मी? मी वरवर समजूत घालत होते आणि मनातून मीही तेच मानलं होतं. मॅग्नेट म्हणाले तेव्हाच कळायला हवं होतं, असं स्वतःशी म्हणत भाकरी थापत होते. हे लिहायला हात जड होतो, पण तसंच होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी सलीमभाईंकडं गेले. पट्टी खराब निघाली म्हणून भांडायचंच ठरवलं होतं. माझी पक्की प्रत त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि हसले.

"बाई, बल्बाला काय, करंट कुकडून बी आला तरी पेटतो. ह्या एलईडीला तसं चालत न्हाई, ह्याला एकाच अंगानं लागतो. गाडी उलटी घेतली की करंट उलटा, मंग दिवे बंद. मधात ब्रिज टाका, चार डायोडचा. मंग कुकडून बी आला तरी पुढं बराबर सरळ जातो."

आणि समजावून सांगायला म्हणून त्यांनी माझ्या सुबक प्रतीवर, तारा आणि दिवे यांच्या मधोमध, पेनानं एक तिरका चौकोन काढला. शंकरपाळ्यासारखा. आत चार बारीक खुणा केल्या.

मी तिथल्या स्टुलावर बसले. वह्यांच्या पिशवीत, तळाशी, यांचा कागद तसाच घडी घालून पडला होता. तो उघडला. थरथरत्या रेघांचा, दोनदा खोडलेला, पण तोच चौकोन, त्याच जागी, त्याच चार खुणा. मग मॅग्नेटही आठवलं. उसाच्या पट्ट्यावर एक मोठं चुंबक टांगलेलं असतं, उसाबरोबर आलेले कोयत्याचे तुकडे, साखळ्या वरच्या वर ओढून घ्यायला. त्याला एकाच दिशेचा करंट लागतो, कारखान्यातला करंट तर दोन्हीकडं धावणारा, तेव्हा मध्ये बसतात ते हेच डायोड. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे जेवताना मला कौतुकानं सांगायचे. तो पॅनल यांच्याच ताब्यात होता. ब्रिज हा शब्द सापडेना, म्हणून त्यांनी त्याच्या शेजारचा शब्द मला दिला होता. त्यांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. चूक माझ्या हातून झाली होती, पट्टी-पेन्सिल घेऊन.

नखानं झाकता येईल एवढी ती ब्रिजची वस्तू, तशा पाच मी घेऊन आले. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले, आणि मी त्यांच्या पाठीमागं गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन संध्याकाळी बसून गुपचूप डबे उघडत होते. राळेचा धूर जायचा त्यांच्यापर्यंत, ते वळायचे नाहीत. का नाही सांगितलं, याची मी नंतर खूप कारणं शोधली. खरं एकच, लाज वाटली. आणि वाटलं, दोन्हीकडं उजेड पडला की विषय मिटेल, कुणाचं काय चुकलं ते निघणारच नाही. शाळेत पोराचं उत्तर चुकून चूक दिलं, की आपण नंतर हळूच गुण वाढवतो आणि पुढचा धडा काढतो. मी तशी पुष्कळदा सुटले आहे.

रविवारी त्यांना उठवून फळीपाशी आणलं. बटण मीच फिरवलं. गाडी परतूरला गेली उजेडात आणि जालन्याला आली तीही उजेडात. खिडक्यांचा पिवळा प्रकाश भिंतीवरून सरकत आला. हे बघत राहिले. मग माझ्याकडं वळून, "कुणी?"

सलीमभाईंनी सांगितलं, मी म्हणाले. यातलं अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट. यांनी मान हलवली. चेहरा उजळला नाही, उलट आणखी खाली गेला. दुकानात वायरी विकणाऱ्याला कळतं, आपल्याला कळलं नाही, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. भिंतीला धरून परत खाटेकडं निघाले. ती चार पावलं मला बघवली नाहीत. मी पिशवीतून दोन्ही कागद काढले, त्यांचा आणि माझा, आणि ते बसल्यावर त्यांच्या मांडीवर ठेवले. सगळं सांगितलं. तुमचा चौकोन मी गाळला. मला वाटलं हात हलला. मॅग्नेट म्हणालात तर मला वाटलं, बरळताय. तुमचं बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून.

त्यांनी आपल्या कागदावरच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग माझ्या प्रतीवर, जिथं सलीमभाईंनी पेनानं काढला होता तिथं. पुन्हा आपल्यावर. रस्त्यानं एक ट्रॅक्टर चढाला लागला होता.

"कधी... कळलं?"

गुरुवारी, मी म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्याच हाताची बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मग वर बघितलं. डोळे लाल, जबडा आवळलेला. चिडले की कारखान्यातले लोक यांच्यासमोरून बाजूला व्हायचे, ते उगीच नाही.

"गुरवारपासून तुला माहीत व्हतं, अन् मी इथं डोकं गेलं म्हनून रडून राह्यलो, तं तू नुसती बघत बसली."

मी खाली मान घालून ऐकत होते. वाक्य संपल्यावर कळलं की ते कुठंच अडलं नव्हतं. दसऱ्यापासून त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं अख्खं वाक्य होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं, ते अजून रागातच होते. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "अहो, परत एकदा बोला."